समस्या आणि उपाय : एक चिकित्सक वैताग

आपल्याकडच्या शोधनिबंधाचं शीर्षक वाचलं की शेवटचा परिच्छेद न वाचताच सांगता येतो. वर ‘महिला बचत गटांपुढील समस्या व उपाय : एक अभ्यास’ असेल, तर खाली ‘महिलांनी पुढाकार घ्यावा, बँकांनी कर्जपुरवठा सुलभ करावा, शासनाने प्रशिक्षण द्यावे’ हे असणारच. बचत गटाच्या जागी दुग्धव्यवसाय घाला, डाळिंब घाला, बांधकाम मजूर घाला, शिफारशी त्याच. मी अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हा एकदा तपासायला आलेल्या दोन प्रकल्पांची शेवटची पानं टाचणी निघून एकमेकांत मिसळली. कुठलं पान कुणाचं हे शेवटी फक्त अक्षराच्या टाइपावरून ओळखावं लागलं. मजकुरावरून ओळखणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

निवृत्त झाले तरी मी निफाड तालुक्यातच राहते, त्यामुळे आसपासच्या महाविद्यालयांतली मुलंमुली अजून घरी येतात. दारात चप्पल काढता काढता पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘मॅडम, प्रोजेक्टला एखादा विषय द्या ना.’ ‘सोपा द्या’ हे दुसरं वाक्य. ते बहुधा चहा आल्यावर येतं. आतापर्यंत हा प्रश्न एम.ए. आणि पीएच.डी.पुरता होता. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो. म्हणजे विशी-एकविशीतली पोरं मोठ्या संख्येनं विषय शोधत फिरणार. आणि त्यांना विषय सुचवणारे कोण, तर आम्ही शिक्षक, ज्यांतले पुष्कळजण ‘एक अभ्यास’ लिहूनच या पदाला पोचलो. म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

विद्यार्थी मोठा विषय घेतो तो महत्त्वाकांक्षेपोटी, असा एक समज आहे. मला तसं कधी दिसलं नाही. मोठ्या विषयात चुकता येत नाही, म्हणून तो घेतला जातो. ‘महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांच्या समस्या’ यावर काहीही लिहा, ते थोडंफार खरं निघतंच. भाव पडतात, खरं. साठवणूक अपुरी, खरं. सरकारचं धोरण धरसोडीचं, तेही खरं. पण एवढं सांगायला संशोधन कशाला? लासलगावच्या स्टँडवर अर्धा तास बसलं तरी पुरे. आता असं विचारा : अमुक गावात २०२३ च्या हंगामात साठवलेल्या कांद्याची चाळ आधी कुणी फोडली, लहान शेतकऱ्यानं की मोठ्यानं? इथे उत्तर चुकू शकतं. गावातला कुणीही उठून ‘खोटं आहे, ही बघा माझी विक्रीची पट्टी’ म्हणू शकतो. नेमक्या विषयाला हा धोका असतो. आपलं म्हणणं खोटं ठरण्याची सोय ज्या विषयात नाही, त्याला मी संशोधनाचा विषय म्हणायला तयार नाही.

मार्गदर्शक मंडळी विद्यार्थ्याला या धोक्यापासून जपतात. विषय ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘यावर पुस्तकं मिळतील का?’ मिळतील म्हटलं की विषय पास. आता ज्या विषयावर दहा पुस्तकं आहेत, त्यावर हे पोरगं अकरावं काय लिहिणार, याचा विचार कुणी करत नाही. ते त्या दहांतून उतारे काढतं, ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ नावाचं जाडजूड प्रकरण तयार होतं, आणि मग शंभर जणांना एक प्रश्नावली. ‘आपणास विपणनाच्या समस्या जाणवतात का? होय / नाही.’ कोण नाही म्हणेल? आता तर गुगल फॉर्म आहे. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की रात्रीत शंभर ‘शेतकरी’ उत्तर देतात, त्यातले साठ वसतिगृहात राहतात.

यात शिक्षकांनाच दोष देऊन भागणार नाही. महाविद्यालयीन शिक्षकांसाठीच्या २०१० च्या नियमांनी बढतीला शोधनिबंधांचे गुण जोडले, तेव्हापासून गावोगावी एकदिवसीय राष्ट्रीय परिषदा उगवल्या. परिषदेचा विषय ‘ग्रामीण विकास’, पत्रिकेवर पोटविषय चाळीस-पन्नास, शेवटचा पोटविषय ‘अन्य संबंधित विषय’. ज्याला दहा दिवसांत निबंध पाठवायचा आहे आणि आयएसबीएन क्रमांकाच्या ग्रंथात नाव छापून हवं आहे, त्यानं विषय शोधायचा कुठे? तो पत्रिकेतूनच उचलतो. पोटविषयापुढे कोलन द्यायचा आणि ‘एक दृष्टिक्षेप’ लिहायचं. मीसुद्धा अशा परिषदांत बसले आहे. जेवण चांगलं असतं.

बरं, विषय आटोक्यात आणायचा म्हणजे काय करायचं याचीही आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. ‘विशेष संदर्भ : निफाड तालुका. कालखंड : २०१० ते २०२०.’ झालं. राज्याचा जिल्हा केला, जिल्ह्याचा तालुका केला, दहा वर्षांची चौकट बसवली. प्रश्न मात्र होता तेवढाच ढिला राहिला. निफाडच का? मार्गदर्शक तिथले आहेत म्हणून. २०१० च का? शून्यानं संपतं म्हणून. नकाशावर कितीही कात्री चालवली तरी समस्या-उपाय हे समस्या-उपायच राहतात, फक्त तालुक्यापुरते होतात.

खरं निवडणं-टिपणं कसं होतं हे मी एका मुलीच्या विषयावरून सांगते, कारण तो विषय माझ्यासमोर ओसरीवर बसून आकाराला आला. ती आली तेव्हा वहीत नीटनेटक्या अक्षरात लिहून आणलं होतं : ‘निर्यातबंदीचा कांदा उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला परिणाम’. घरचा कांदा, वडील आणि काका एकत्र शेती करणारे. म्हटलं, ‘कुठली बंदी?’

‘ती नाही का मॅडम, २०२३ ची.’

‘२०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. १९ ऑगस्टला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं. बंदी आली ८ डिसेंबरला. तुला कुठली हवी?’

‘दोन्ही घेऊ.’

‘ऑगस्टमध्ये तुमच्याकडे कुठला कांदा होता?’

‘उन्हाळ. चाळीत.’

‘आणि डिसेंबरात?’

ती थांबली. मग म्हणाली, ‘लाल. चाळ तर रिकामी झालेली.’

तिथे विषयाचे दोन तुकडे झाले. शहरातल्या वाचकासाठी थोडं सांगते. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत पाच-सहा महिने टिकतो. तो ठेवणारा शेतकरी भावाची वाट बघू शकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला, पात कापली की ट्रॉलीत घालून बाजारात न्यावाच लागतो. म्हणजे ऑगस्टचं शुल्क थांबलेल्या माणसावर आदळलं, तर डिसेंबरची बंदी ज्याला थांबताच येत नव्हतं त्याच्यावर. दोघांच्या रडण्याचं कारण एकच दिसलं तरी हिशेब वेगळे आहेत. ‘निर्यातबंदीचा शेतकऱ्यांवर परिणाम’ असं एका दमात म्हटलं की हा फरक पुसून जातो, आणि वर्तमानपत्रातल्या बातमीहून वेगळं काही हाती येत नाही.

तिनं उन्हाळ कांदा धरला. म्हटलं, आता घरातलं सांग. त्या वर्षी घरात भांडण कशावरून झालं? (हा माझा नेहमीचा प्रश्न आहे. मुलं आधी लाजतात.) ती म्हणाली, ‘काका म्हणत होते पेरणीला पैसे लागतात, अर्धी चाळ फोडू. पप्पा म्हणत होते थांबू. आज्जी म्हणाली, खालून वास यायला लागलाय, तुम्ही दोघं बसा भांडत.’

माझ्या लेखी हा सबंध शोधनिबंध झाला होता. चाळ कधी फोडायची हे कशावरून ठरतं? पाठ्यपुस्तक म्हणतं, शेतकरी भाव बघून ठरवतो. काकांच्या मते ते जूनमधल्या बियाण्या-खतांच्या पैशांवर ठरतं. आज्जीच्या मते सडीवर. तीन उत्तरं, आणि तिन्ही तपासून बघण्यासारखी. लहान शेतकऱ्याला भावाची वाट बघणं परवडतच नसेल, तर साठवणुकीसाठी चाळीला दिलेल्या अनुदानानं त्याचं नेमकं काय साधलं, हा मोठा प्रश्नही त्याच दारातून आत येतो. त्याला मुद्दाम शीर्षकात बोलावण्याची गरज नव्हती.

पण प्रश्न सुचला म्हणजे विषय ठरला असं होत नाही. पुरावा कुठे आहे ते बघावं लागतं, आणि पुष्कळदा पुरावाच विषयाला शेवटची छाटणी देतो. तिच्याकडे काय होतं? पट्ट्या. बाजार समितीत कांदा विकला की जी हिशेबपट्टी मिळते तिच्यावर तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाई सगळं असतं. शेतकरी एरवी कागद जपत नाही असं म्हणतात, पण कांद्याच्या पट्ट्या जपतो. कुणाकडे तारेला अडकवलेल्या, कुणाकडे देवघरामागच्या प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं गल्लीतल्या घरांतून त्या गोळा करायला घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात अडली. पट्टी विकलेलं वजन सांगते. चाळीत भरलेलं वजन कोण सांगणार? चाळ भरताना कुणी तोलत नाही, ‘सहा ट्रॉल्या झाल्या’ एवढंच आठवतं. म्हणजे सडून आणि सुकून किती घट आली हे पट्टीवरून कधीच कळणार नव्हतं. तिच्या आराखड्यात ‘साठवणुकीतील नुकसान’ असं एक कलम होतं, ते तिनं खोडलं. हळहळली. मला मात्र आनंद झाला. जे कळण्याचा मार्ग नाही ते स्वतःच्या हातानं काढून टाकणं हे तिनं कुठल्याही पुस्तकातून शिकलं नसतं.

उरलं ते एवढं : एक गाव, एक हंगाम, एक प्रकारचा कांदा, पट्टीवरच्या तारखा, आणि १९ ऑगस्टच्या अलीकडे कुणी विकला, पलीकडे कुणी. प्रत्येक घराशी बोलून, त्या तारखेला काय झालं होतं हे विचारायचं. ‘तुम्हाला समस्या आहेत का’ असं विचारायचं नाही. ‘२२ जूनला तुम्ही दोन ट्रॉल्या काढल्या, त्या दिवशी काय होतं?’ असं विचारायचं. माणसं सांगतात. मुलीचं कॉलेजचं ॲडमिशन होतं, सोसायटीचं देणं होतं, निवडायला बाया त्याच दिवशी मिळाल्या. तारीख समोर ठेवली की आठवण जागी होते. नुसतं ‘समस्या’ म्हटलं की भाषण सुरू होतं.

अशा विषयावर ठरलेला आक्षेप येतो आणि तो अगदीच फेटाळण्यासारखा नाही : एका गल्लीतल्या कांद्यावरून काय सिद्ध होणार? संशोधनानं मोठं काही सांगायला नको का?

याला उत्तर म्हणून मला आपल्याच माणसाचं उदाहरण द्यायला आवडतं. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. लक्षात घ्या, हा विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला निबंध आहे, आपल्या मुलांकडून मागतो तसाच. शीर्षक मोठं आहे हे कबूल. पण आत शिरलं की तो माणूस छाटतो कसा ते बघण्यासारखं आहे. जातीवर त्या वेळी प्रमाण मानले जाणारे चौघे तो समोर घेतो : सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली आलं होतं. महाराष्ट्र त्यांना पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखू लागला. या व्याख्यांमधलं एकेक लक्षण उचलून आंबेडकर तपासतात. विटाळाची कल्पना? ती जातीच्या गाभ्यातली नाही, पुरोहितपणाशी जोडलेली आहे, बाजूला ठेवा. परक्यांबरोबर न जेवणं? तो परिणाम आहे, कारण नव्हे. केतकरांची दोन लक्षणं, जातीबाहेर लग्न नाही आणि जन्मानंच सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू. सगळं सोलत गेल्यावर हातात एकच गोष्ट उरते : जातीतल्या जातीत लग्न.

इथे बहुतेकजण ‘म्हणून आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन द्यावे’ असं लिहून मोकळे झाले असते. आंबेडकर इथून प्रश्न विचारायला सुरुवात करतात, आणि तो जवळजवळ हिशेबाचा प्रश्न आहे. एखाद्या गटाला आपल्यातच लग्नं लावायची असतील तर लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया सारख्या संख्येनं हव्यात. पण माणसं मरतात. नवरा मेला तर एक स्त्री जास्तीची उरते, बायको मेली तर एक पुरुष. ही जास्तीची माणसं गटाबाहेर लग्न करतील किंवा गटातल्या दुसऱ्याचा जोडीदार घेतील. दोन्हीकडून चौकट मोडते. मग गट काय करतो? स्त्रीला नवऱ्याबरोबर जाळतो, किंवा जन्माचं वैधव्य लादतो. पुरुषाला जाळणं गटाला परवडत नाही, आणि त्याला कायमचा संन्यासी करणंही. त्याला लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून बायको दिली जाते. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. सुधारकांच्या यादीत तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली होत्या. इथे त्या एका यंत्राचे तीन दाते म्हणून दिसतात.

विषय अरुंद केल्यामुळे तो लहान झाला असं इथे कोण म्हणेल? जातीच्या दुष्परिणामांवर आणि उपायांवर लिहिण्याइतका अनुभव त्यांच्याकडे नव्हता असं तर कुणीच म्हणणार नाही; आयुष्यभर त्यांनी ते लिहिलंच. पण त्या दिवशी त्यांनी एकच धागा ओढला. तो निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि आजही वाचला जातो.

एका गावाबद्दल म्हणाल, तर १९१७ मध्ये हॅरॉल्ड मॅन या पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं एका खेड्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. खेडं कुठलं, तर पिंपळे सौदागर. आज तिथे आयटीतल्या लोकांचे टॉवर आहेत आणि पार्किंगवरून भांडणं होतात. तेव्हा शेतं होती. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन जमीन, कर्ज, उत्पन्न लिहून काढलं आणि जुने कागद धुंडाळले. १७७१ साली गावातल्या खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. हे आकडे जमिनीच्या तुकड्यांवर शिकवताना मी फळ्यावर लिहीत असे आणि वर्ग एकदम शांत व्हायचा. साऱ्या मुंबई इलाख्याची सरासरी सांगितली असती तर कुणी वहीतून मान वर केली नसती. आणि एका गावावरून सगळं कळलं असा दावा मॅन यांनी केला नाही. पिंपळे सौदागर पुण्याच्या जवळचं, म्हणून नंतर त्यांनी कानिटकर या सहकाऱ्याबरोबर जातेगाव बुद्रुक हे दूरचं, कोरडवाहू गाव घेतलं आणि तिथे तीच चौकशी पुन्हा केली. एका गावावरून काय सिद्ध होणार याचं खरं उत्तर दुसरं गाव हे असतं. आपण मात्र पहिलंच गाव नीट बघायच्या आधी ‘जिल्हा घ्या’ म्हणतो.

दामोदर कोसंबींचं तर काय सांगावं. गणिताचा माणूस, प्राचीन इतिहासात शिरला तो तराजू घेऊन. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून वजनावरून त्याचं फिरणं मोजता येईल का, एवढाच प्रश्न. तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजनं त्यांनी अभ्यासली आणि चालू चलनातली नाणी तोलून पद्धत पारखून घेतली. ‘प्राचीन भारताची अर्थव्यवस्था : एक अभ्यास’ असा अर्ज त्यांनी केला असता तर तो मंजूर नक्की झाला असता.

मंजुरीवरून आठवलं. त्या कांद्याच्या मुलीचा विषय समितीपुढे गेला तेव्हा शेरा आला : ‘व्याप्ती कमी वाटते. किमान तालुका घ्यावा.’ कुठल्या समितीनं हा शेरा मारला ते सोडा. कुठलीही मारू शकली असती. मी स्वतः अशा बैठकांना बसलेली आहे. एका दुपारात चाळीस-पन्नास शीर्षकं संपवायची असतात, प्रत्येकाला दोन मिनिटं. दोन मिनिटांत प्रश्न समजून घेता येत नाही, शीर्षक मात्र वाचता येतं. म्हणून शीर्षकाला महत्त्व आलं, आणि एकदा मंजूर झालेलं शीर्षक बदलायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक, पुन्हा सहा महिने. सगळा उफराटा कारभार. शीर्षक हे शेवटी लिहायची गोष्ट आहे. काम करता करता विषय बदलणार, हे गृहीतच धरायला हवं. आपण ते पहिल्या दिवशी दगडावर कोरून घेतो आणि पोराला तीन वर्षं त्या दगडाला बांधून ठेवतो.

माझी मागणी फार मोठी नाही, विद्यापीठाला खर्चही नाही. अर्जाच्या नमुन्यातून शीर्षकाचा रकाना काढा. त्या जागी तीन ओळी मागा : तुमचा प्रश्न काय, त्याचा पुरावा कुठे आहे आणि त्यातला थोडा तुम्ही स्वतः हातात घेऊन पाहिलाय का, आणि उत्तर तुमच्या समजुतीविरुद्ध गेलं तर ते कशावरून ओळखाल? तिसरी ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याला परत पाठवा, महिनाभर हिंडू द्या. पहिलं सत्र हिंडण्यातच जावं असं माझं मत आहे. विषय वर्गात सुचत नाही. तो तलाठी कार्यालयाबाहेरच्या रांगेत सुचतो, दूध संकलन केंद्रावर फॅट लागताना सुचतो. याला कुणी ‘फील्डवर्क’ म्हणा, मी नुसतं हिंडणं म्हणते. त्याची हजेरी मात्र मांडता येत नाही, हीच पंचाईत.

वाचन करू नये असं मी म्हणत नाही. शोधगंगावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, आमच्या वेळी त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे. पण मुलं तिथे ‘आपला विषय कुणी घेतलाय का’ एवढंच बघतात. घेतला असेल तर घाबरतात, नसेल तर खूश. मी त्यांना प्रबंधाच्या शेवटची परिशिष्टं वाचायला लावते. प्रस्तावनेत सगळे सारखे बोलतात. परिशिष्टातल्या कोष्टकात कधीकधी लेखकाच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट पडलेली असते. एखादा रकाना अर्धा रिकामा का आहे, हा उत्तम विषय होऊ शकतो.

आता मोबाइललाच विषय विचारायची सोय झाली आहे. मुलं दाखवतात मला. अर्थशास्त्रातले दहा विषय मागितले की दहा येतात, शुद्ध मराठीत, आणि बघावं तर तीच आपली जुनी ‘समस्या व उपाय’ मंडळी नवे कपडे घालून उभी. त्याचा तरी काय दोष? आपण इतकी वर्षं जे लिहून ठेवलं तेच ते वाचून बसलं आहे. प्रश्न हातात असेल तर ते कामाला येतं, कुठली आकडेवारी कुठल्या खात्याकडे असते वगैरे विचारायला. पण घरात चाळीवरून भांडण झालं हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते सांगण्यासारखं आहे हे आधी आपल्याला कळायला हवं.

सध्या एक मुलगा येतोय. त्याचे वडील बाजारात माल तोलणारे मापाडी. तो ‘बाजार समित्यांची कार्यपद्धती : एक चिकित्सक अभ्यास’ घेऊन आला होता, दोन चहांनंतर आम्ही वांध्यापाशी आलोय. लिलावात भाव पुकारला जातो तो ट्रॉलीच्या वरवर दिसणाऱ्या मालाला. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होताना खालून गोलटी, म्हणजे बारीक कांदा, निघाली, कोंब आलेला निघाला, की व्यापारी वांधा काढतो आणि भाव तोडला जातो. कधी व्यापाऱ्याचं खरं असतं, कधी तेवढ्या वेळात बाजार खाली आलेला असतो. कुठल्या दिवशी वांधे जास्त निघतात, भाव चढत असताना की पडत असताना, एवढाच त्याचा प्रश्न आहे. पडत्या बाजारात वांधे वाढत असतील, तर दोष नेहमी मालातच असतो असं म्हणता येणार नाही. आता हे कशावरून शोधायचं? तोडलेला भाव पट्टीवर दिसतो, पण आधी पुकारलेला दिसतो की नाही, यावर बापलेकांचं अजून एकमत नाही. वांध्याच्या तक्रारींची नोंदवही समितीत ठेवतात का, आणि ठेवत असतील तर विद्यार्थ्याला दाखवतील का, हे विचारायला तो सोमवारी जाणार आहे. दाखवली नाही तर विषय पुन्हा छाटावा लागेल, हे त्याला सांगून ठेवलंय.